आखाजीला बंद केलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर तसा माझा आहे. मी शाळेत मराठी शिकवते, सवड मिळाली की चार ओळी लिहिते, त्यासाठीच तो घेतला. पण दुपारची जेवणं उरकून भांडी पालथी पडली की तो सासूबाईंचा होतो. त्या कॉम्प्युटरपुढच्या चाकांच्या खुर्चीत बसतात, पदर खोचतात, चष्मा लावतात आणि पत्त्यांचा डाव उघडतात. एकट्यानं खेळायचा तो डाव. लालवर काळं, काळ्यावर लाल असं उतरत जायचं, आणि सगळं जुळलं की पत्ते टणाटण उड्या मारत पडद्याच्या तळाशी पडतात. त्या उड्यांना सासूबाई फटाके म्हणतात. फटाके वाजले की नाही हे सुटीच्या दिवशी आम्हाला आतल्या खोलीत बसूनही कळतं, कारण त्या मोठ्यानं "हां!" म्हणतात.

गंमत अशी, की पत्ते या वस्तूवर या बाईंचा जन्मभर राग. माझे सासरे पत्त्यांचे शौकीन होते. तापीकाठच्या आमच्या गावात पारावर त्यांचा अड्डा ठरलेला असायचा, आणि जेवणासाठी त्यांना बोलवायला घरातून माणूस पाठवावं लागायचं. घर काही त्यांनी बुडवलं नाही, पण ताटं मात्र कायम गार केली. सासूबाईंनी म्हणूनच घरात नियम केला होता. पत्त्यांचा जोड स्टीलच्या डब्यात, डबा फडक्यात, फडकं लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. तो डबा खाली यायचा फक्त आखाजीला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात नुसतं तेवढं म्हणून भागत नाही. दिवाळीला न आलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, आणि गडीमाणसं उघड्या अंगणात, कुणाला न लाजता, पत्ते कुटतात. त्या दिवशी पत्त्यांना कुणी नावं ठेवत नाही, सासूबाईसुद्धा नाहीत. आमच्या घरी पैसे लावायला मात्र त्यांची बंदी, म्हणून आमच्याकडे मेंढीकोट चालतो. दोन दोन भिडू, हुकूम ठरवायचा आणि चारही दश्श्या, म्हणजे दहाची पानं, आपल्याकडे ओढायच्या. बायका आत सांजोऱ्या तळतात आणि बाहेर चहा पोचवतात. लग्न होऊन आल्यापासून मीही तो चहा पोचवत आले आहे. पत्त्याला हात लावायचा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनातही येत नसे.

तर अशा बाईंना कॉम्प्युटरवरचे पत्ते चिकटले कसे? सासरे गेले, मग सासूबाईंचे गुडघे गेले, आणि गल्लीतल्या ओट्यापर्यंत जाणंही बंद झालं. सकाळ देवपूजेत आणि निवडण्याटिपण्यात जायची, संध्याकाळी आम्ही घरी असायचो. मधली दुपार त्यांना खायला उठायची. माझी लेक नोकरीसाठी पुण्याला जाण्याआधी त्यांच्या हातात माऊस देऊन गेली. मी एकदा चिडवलं, की आई, तुम्ही आणि पत्ते? त्यांनी पडद्यावरची नजरही न काढता सांगितलं, "हाई पत्ता थोडी शेत? हाई ते कॉम्प्युटर शे."

कॉम्प्युटरवरचे ते पत्तेच नव्हेत, असा निकाल लागला. त्यांना दुपारी घरात बरं वाटायचं, एवढं खरं.

नवी विंडोज टाकायची वेळ आली ती माझ्यामुळे. शाळेच्या निकालाचे गुण भरायची साइट आमच्या कॉम्प्युटरवर उघडेनाशी झाली. मग चौकशी केली तेव्हा कळलं, की आमची सिस्टीम इतकी जुनी झाली आहे की तिला आता कुणी वाली उरलेला नाही. आम्ही राहतो त्या नंदुरबारच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळं गाव भाई म्हणतं, आम्हीही भाईच म्हणतो. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हे टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आले. भाई फोनवर म्हणाले, "भाभी, स्क्रीनवर कधीचा मेसेज येत असेल की. तुम्ही बघितला नाही?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मेसेज येत होता. रोज दुपारी, नेमका डाव रंगात आला की कोपऱ्यात यायचा. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण फुलीवर दाबलं की नको ते जातं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दारावर आलेल्या चटईवाल्याला घालवावं तसा त्यांनी तो मेसेज महिनोन्‌महिने घालवला होता.

भाई घरी आले आणि आधी कॉम्प्युटरचा डबा उघडून साफ करतो म्हणाले. त्यात थोडी मेमरी वाढवायची होती. आता आमचं घर गावाच्या त्या टोकाला आहे जिथून मिरच्यांच्या पथाऱ्या सुरू होतात. हंगामात नजर जाईल तिथपर्यंत मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा आमच्या घरावरून जातो. आम्हाला त्याची सवय आहे, आम्ही शिंकतसुद्धा नाही. पण कॉम्प्युटरचा पंखा इतकी वर्षं ती हवा ओढत होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भाईंनी ब्लोअर लावला मात्र, डब्यातून लालसर धुराळा उठला आणि घरभर ठसका उडाला. नवरा मागच्या दारानं पळाला. शेजारच्या बाई "कोनं फोडनी दिन्ही?" विचारत आल्या आणि विचारतानाच खोकायला लागल्या. भाई डोळे पुसत म्हणाले, "भाभी, हाई कॉम्प्युटर शे का मिरचीनं डबडं?"

सगळे बाहेर अंगणात उभे राहून हसत होतो, एकट्या सासूबाई आत थांबल्या होत्या. नाकाला पदर लावून त्यांनी भाईंना विचारलं, "मन्हा पत्ता ऱ्हातीन ना?"

"राहतात, माय. नव्यातपण पत्ते असतात," भाई म्हणाले.

"हाईच पत्ता?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हात उडवून म्हणाले, हो हो, तेच असतील, पत्त्यांत काय बदलणार? मला गुण भरायची घाई होती. त्या एवढ्या खोलात का विचारतायत हे तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

बाकी सगळं सोपं होतं. माझं लिखाण मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. भाईंनी दुसरा एक पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं, की हा लावा, इथे दाबा, आणि मग हात लावू नका. दोन-तीन तास मशीन आपलं आपण काम करेल, मधून मधून बंद होऊन चालू होईल, घाबरू नका. "फक्त बीच में लाइट बंद मत करना," असं त्यांनी जाताना दारातून पुन्हा एकदा बजावलं.

आता दाबायचं कधी? मी त्याच संध्याकाळी दाबायला निघाले होते, पण नवऱ्यानं हात धरला. हा माणूस शाळेत चित्रकला शिकवतो आणि एरवी मुहूर्ताबिहूर्ताची टिंगल करतो. पण नवी वस्तू म्हटली की त्याच्यातला खानदेशी जागा होतो. "आखाजीले टाकू," तो म्हणाला. "तेवढा चांगला मुहूर्त दुसरा कोनता शे?" साडेतीन मुहूर्तांतला एक, शिवाय आखाजी दोन दिवसांवर आलेली. सासूबाईंनी लगेच मान डोलावली. एका बाजूला मुहूर्त, दुसऱ्या बाजूला वीज राहील की नाही याचा नेम नाही, पण घरातल्या दोघांपुढे माझं एकटीचं काय चालणार?

आखाजीच्या दिवशी घर कसं असतं ते आमच्याकडे येऊनच बघायला हवं. नणंद आणि तिचा नवरा नवापूरहून आदल्या दिवशीच आलेले. धाकटा दीर गावाहून आंब्यांची पाटी घेऊन आला. मातीची घागर भरून पुजली, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवली. सासूबाईंनी गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकला, सासऱ्यांचं नाव घेताना नेहमीप्रमाणे जरा जास्त तूप सोडलं. त्याच हातानं त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकवाचं बोट लावलं, आणि नवऱ्यानं फडक्यातला स्टीलचा डबा खाली काढला. मी पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं. पडद्यावर ठिपक्यांचं कडं गोल गोल फिरायला लागलं, आकडा हळूहळू चढायला लागला. मी "कोणी हात लावू नका रे" असं सर्वांना उद्देशून ओरडले आणि सांजोऱ्या तळायला आत गेले.

ते ओरडणं पुस्तकी मराठीत होतं, आणि शाळेतल्या आवाजात होतं. सासूबाईंनी तो अंगणातल्या पोरांना दिलेला दम समजला.

मी कढईशी असताना त्या काठी टेकत आत आल्या आणि मोठं पुण्य करून आल्यासारख्या स्टुलावर टेकल्या. "बंद करी दिन्हं बिचारं," म्हणाल्या. "आज आखाजी शे. त्यालेबी आराम."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मला कळायला क्षणभर वेळ लागला. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. मधोमध, आकडा चढत असताना.

त्यांचा हिशेब त्यांच्या जागी सरळ होता. आखाजीला शेतावरच्या सालदाराचं वर्ष संपतं. वर्षभर राबलेला गडी त्या दिवशी कामाला लावत नाहीत. त्याला पाटावर बसवून रस आणि सांजोऱ्या वाढतात, बैलसुद्धा गोठ्यात निवांत असतात. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं होतं. जुना सालदार जाताना त्याला पहिलं ताट त्या वाढायच्या, मग घरच्यांना. आणि इथे त्यांना दिसलं काय, तर ज्यानं वर्षानुवर्षं दुपारी साथ दिली तो त्यांचा गडी सणाच्या दिवशी घरघर करत राबतो आहे, आणि घरातल्या कुणाला त्याचं काही नाही. "सालदारले आखाजीना दिन कोन जुपस?" त्यांनी मलाच विचारलं.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा माझा पारा चढला होता. "आई, काय करं तुम्ही हाई?" मी ओरडले. "संपनं! तुमना पत्ता गयात आते!"

एवढं बोलून मी तणतणत बाहेरच्या खोलीत गेले आणि बटण चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार इंग्रजी ओळी आल्या आणि थांबल्या. पुन्हा बंद, पुन्हा चालू. त्याच चार ओळी. नवरा पत्ते टाकून आला, त्यानं डब्यावर दोन थपडा मारून बघितल्या. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती.

भाईंना फोन केला. बिचारे सणाच्या जेवणाच्या वेळी आले, खुर्चीत बसून बराच वेळ खाटखूट केली आणि मान हलवली. सगळं पुसून मुळापासून नवं टाकावं लागेल, उद्या दुकानात घेऊन जातो, म्हणाले. "तुमचं लिखाण तर पेनड्राइव्हवर आहे ना, भाभी? मग टेन्शन नाही."

दारात सासूबाई उभ्या होत्या. "आनि मन्हा जुना पत्ता?" त्यांनी विचारलं.

भाई खोटं बोलणारे नाहीत. "ते गेले, माय. नव्यात दुसरे येतील."

सासूबाई काठी टेकत आत वळल्या. भाई रस पिऊन, सांजोऱ्यांची पुरचुंडी घेऊन गेले. आमची जेवणं झाली. आणि मग रोजच्या वेळेला, सवयीनं, सासूबाई त्या चाकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. समोर काळा पडदा. माऊसवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यावर ओरडले होते ते माझ्या गुणांच्या साइटसाठी, आणि माझं तर काहीच गेलं नव्हतं. गेली होती ती त्यांची दुपार. मी उठून चहा ठेवला.

बाहेर अंगणात निंबाखाली डाव चालला होता. म्हणजे चालला होता असं म्हणायचं. नणंदेच्या नवऱ्याला आमरस जरा जास्त झाला होता आणि तो सतरंजीवरच, हातात पानं धरून, घोरायला लागला होता. मेंढीकोटाला चार हात लागतात. नवरा, दीर आणि शेजारचे काका असे तिघं एकमेकांकडे बघत बसले होते. नवऱ्यानं पाहुण्याला हलवून बघितलं, तो कूस बदलून पुन्हा झोपला. "पत्ता गुंडाळा आते," काका म्हणाले. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते.

माझ्या मागून खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. सासूबाई खुर्ची ढकलत, तिलाच धरून, चालत येत होत्या.

"हाई खुर्ची खाले ले," त्या धाकट्या लेकाला म्हणाल्या.

दिरानं खुर्ची अंगणात उतरवली. त्याला वाटलं, वाऱ्याला बसायचं असेल. सासूबाई खुर्चीत बसल्या, पायांनी रेटत सतरंजीच्या कडेपर्यंत आल्या, आणि झोपलेल्या जावयाच्या हातातली पानं त्यांनी वाकून हळूच काढून घेतली.

"माय, तू?" नवऱ्याचा आ वासलेला.

"काय मंग? आखाजी शे. पिस."

झोक्यावरच्या बायकांचं गाणं थांबलं. काकांनी घसा खाकरला आणि सरकून जागा केली. मी प्लास्टिकचं टीपॉय आणून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि चौघांची पानं वाटली गेली.

पहिल्यांदा फजिती झाली. पत्ते कसे धरायचे हेच त्यांना माहीत नव्हतं. इतके दिवस पडदा त्यांचे पत्ते धरत होता. हातातली पानं पसरायला गेल्या की निम्मी मांडीवर गळायची, चौकटची राणी तर थेट चहात पडली. दीर हसला. सासूबाईंनी राणी पदराला पुसली आणि सगळी पानं ओंजळीत धरून छातीशी लावली, एकेक उचकून बघू लागल्या. पण खेळायला लागल्या आणि हसणं थांबलं. कुठला पत्ता पडला, कुणाकडे इस्पिक संपलं, हुकूम कुणी दाबून ठेवलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. काकांनी बिनघोर दश्शी टाकली, त्यावर यांनी शांतपणे हुकमाची दुर्री मारली. दुसरी दश्शी त्यांच्या भिडूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ओढली. तिसरी आणि चौथी पुन्हा यांच्याकडे. मेंढीकोट झाला तेव्हा त्या मोठ्यानं "हां!" म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत बसून ऐकलेला तो आवाज अंगणात केवढा मोठा वाटला.

नवरा भारावून गेला होता. स्वतःच्या भिडूच्या जिवावर तो कित्येक वर्षांनी जिंकला होता. "माय, हाई कधी शिकनी तू?"

सासूबाई पुढच्या डावाची पानं गोळा करत होत्या. "तुन्हा बापले हारतांना देखी देखी," त्या म्हणाल्या.

अंगण खदखदून हसलं, काका तर आडवेच झाले. मी हसता हसता उंबऱ्याकडे बघितलं. ट्रे घेऊन मी उभी राहते तीच जागा. तिथून चौघांची पानं दिसतात. म्हणजे सासूबाईही अशाच उंबऱ्यात उभ्या राहत असणार, चहा गार होईपर्यंत.

कॉम्प्युटर भाईंनी नीट करून आणला. नवी विंडोज देखणी आहे, साइट उघडते, माझे गुण भरून झाले. पत्तेही आहेत. मी मुद्दाम शोधून काढले, मोठी अक्षरं लावली, मधूनच येणारी जाहिरात कशी घालवायची ते बघून ठेवलं, आणि एका दुपारी सासूबाईंना सन्मानानं खुर्चीत बसवलं. मनातून मला धाकधूक होती. मीच तर म्हणाले होते, तेच असतील म्हणून.

त्यांनी एक डाव खेळला. लालवर काळं, काळ्यावर लाल. सगळं जुळलं, पडद्यावर झगमगाट झाला, जुन्या फटाक्यांपेक्षा चांगला. मी वाट बघत होते, पण "हां" काही आलं नाही. त्या पडद्याकडे बघत बसल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"आनि हारनं कोन?"

"कोनीच नही," मी म्हणाले.

"मंग कसानी मज्या?"

त्यांनी फुलीवर दाबलं आणि डाव बंद केला. आखाजी होऊन गेली तरी स्टीलचा डबा कपाटात परत गेलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. तो देवघराखालच्या फळीवरच होता. सासूबाईंनी नवऱ्याला हाक मारून तो मागवला. शेजारच्या बाईंना बोलवायला सांगितलं. तिघं झाले. मी सवयीनं चहाकडे वळले, तर त्यांनी माझा पदर धरला.

"बठ. तुले येस का मेंढीकोट?"

"येस," मी म्हणाले.

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे निरखून बघितलं. "तू कधी शिकनी?"

नवरा पत्ते पिसत होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला राहवलं नाही.

"तुमना पोऱ्याले हारतांना देखी देखी."

सासूबाई इतक्या हसल्या, की चाकांची खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. मग त्यांनी ती पुढे रेटली, डोळे पुसले आणि मला आपला भिडू केलं.